विश्लेषण : घरच्या पोकर स्पर्धेसाठी चिप नेमक्या किती लागतात?

दिवाळीच्या रात्री तीन पत्तीचा डाव मीरा-भाईंदरच्या अनेक घरांना नवा नाही. पोकरची गोष्ट जरा वेगळी. अनेकांनी हा खेळ मोबाइलवरच शिकून घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या नव्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि पोकरही त्यात आले. आता मित्रमंडळींना जमवून घरच्या टेबलावर स्पर्धा घ्यायची तर पहिला प्रश्न येतो तो चिपचा. हिशेब चुकला तर रात्रीचे साडेअकरा वाजले तरी सहा जण खेळातच असतात, विरारची गाडी गाठणाऱ्याचे लक्ष घड्याळाकडे असते आणि खालच्या मजल्यावरून फोन येतो. हा हिशेब कसा करायचा आणि तो करताना कायद्याची कोणती रेषा ओलांडायची नाही?

टुर्नामेंटमधील चिप म्हणजे पैसे का नव्हेत?

पोकर दोन प्रकारे खेळतात. ‘कॅश गेम’मध्ये प्रत्येक चिपमागे ठरावीक रक्कम असते आणि खेळाडू केव्हाही उठून हिशेब चुकता करू शकतो. टुर्नामेंटमध्ये तसे नसते. सर्वांना सारख्या चिप मिळतात, त्या संपल्या की खेळाडू बाद आणि सगळ्या चिप ज्याच्यापुढे जमतील तो विजेता. चिपवरचा ‘५००’ हा आकडा रुपये दाखवत नाही, ते फक्त गुण असतात. त्यामुळे टुर्नामेंटमध्ये चिप खरे तर वेळ मोजतात. सुरुवातीला किती द्यायच्या आणि सक्तीची बोली किती वेगाने वाढवायची, या दोन गोष्टींवर खेळ कधी संपणार हे ठरते.

या सक्तीच्या बोलीला ‘ब्लाइंड’ म्हणतात. प्रत्येक डावात डीलरच्या डावीकडचे दोघे पत्ते बघण्याआधीच अनुक्रमे ‘स्मॉल ब्लाइंड’ आणि त्याच्या दुप्पट ‘बिग ब्लाइंड’ टाकतात. ठरावीक मिनिटांनी ही रक्कम वाढते. एका टप्प्याला ‘लेव्हल’ म्हणतात.

प्रत्येकाला किती चिप द्यायच्या?

घरच्या स्पर्धेत सुरुवातीचा साठा बिग ब्लाइंडच्या ५० ते १०० पट ठेवला की खेळाला पुरेसा अवकाश मिळतो. समजा, मीरा रोडच्या शांतीनगरमधील एका घरी दहा जण जमले आहेत. सुरुवात २५/५० च्या ब्लाइंडने केली आणि प्रत्येकाला ३,००० गुणांच्या चिप दिल्या, तर साठा ६० पट होतो. वाटप असे करता येते :

२५ च्या ८ चिप = २००
१०० च्या ८ चिप = ८००
५०० च्या ४ चिप = २,०००

म्हणजे प्रत्येकापुढे २० चिप. दहा जणांसाठी २५ च्या ८०, १०० च्या ८० आणि ५०० च्या ४०, अशा एकूण २०० चिप लागतात. लहान चिप इतक्या कशासाठी? त्या सुट्ट्या पैशांचे काम करतात. सुरुवातीच्या लेव्हलमध्ये ७५ किंवा १५० टाकायचे असतात. सुटे नसतील तर दर डावात मोडीसाठी खेळ थांबतो.

बाजारातील ३०० चिपचा संच पुरतो का?

दहा जणांसाठी पुरतो. मात्र एकूण आकड्यापेक्षा रंगवार संख्या महत्त्वाची. खरेदीआधी डबा उघडून रंग मोजावेत. २५ च्या ८०, १०० च्या १००, ५०० च्या ८० आणि १,००० च्या ४० अशी विभागणी मिळाली तर उत्तम. बाद झालेल्याला एकदा परत येण्याची मुभा असेल, तर त्याला ५०० च्या सहा चिप द्याव्यात. पाच जण परतले तरी अशा ३० चिप जातील, त्या या संचात शिल्लक असतात.

संच पाच रंगांचा आणि प्रत्येक रंगाच्या ६० चिपचा असेल तरी अडचण नाही. तेव्हा २५ च्या ४, १०० च्या ४ आणि ५०० च्या ५ चिप द्याव्यात. बेरीज ३,००० च होते, पण प्रत्येकापुढे १३ चिप राहतात आणि मोड थोडी जास्त वेळा करावी लागते. चिपवर आकडे छापलेले नसतील तर उलट सोय होते. पांढरी २५, लाल १००, निळी ५००, काळी १,००० असा कागद भिंतीवर चिकटवला की पुरे.

खेळ किती वाजता संपेल, हे आधी कसे कळते?

यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. टेबलावरच्या सगळ्या चिपची बेरीज बिग ब्लाइंडच्या साधारण २० पटीवर आली की स्पर्धा संपण्याच्या बेतात असते. दहा जणांच्या प्रत्येकी ३,००० प्रमाणे बेरीज ३०,००० होते. तिला २० ने भागले की १,५००. म्हणजे बिग ब्लाइंड १,५०० च्या आसपास पोहोचेल तेव्हा शेवट जवळ आलेला असेल. आता ब्लाइंडची शिडी पाहा :

२५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००, (विश्रांती) २००/४००, ३००/६००, ४००/८००, ६००/१,२००, ८००/१,६००.

दहाव्या लेव्हलला बिग ब्लाइंड १,६०० होतो. २० मिनिटांची एक लेव्हल धरली तर दहा लेव्हलना २०० मिनिटे आणि मध्ये १५ मिनिटे खाण्यासाठी. सायंकाळी सहाला सुरू झालेला खेळ साधारण ९ वाजून ३५ मिनिटांनी आटोपतो. १५ मिनिटांची लेव्हल ठेवली तर पावणेनऊलाच. हा अंदाज आहे, अर्धा तास इकडेतिकडे होऊ शकतो.

अनेकांची चूक इथेच होते. संच मोठा आहे म्हणून ते सर्वांना दुप्पट चिप देतात. बेरीज ६०,००० झाली की शेवट बिग ब्लाइंड ३,००० च्या आसपास जातो. शिडीत १,०००/२,००० आणि १,५००/३,००० अशा दोन लेव्हल वाढतात, म्हणजे आणखी ४० मिनिटे. दहाच्या आत संपणारा खेळ सव्वादहापर्यंत लांबतो. परतीच्या मुभेचेही तसेच. पाच जण परतले तर १५,००० गुण वाढतात आणि किमान एक लेव्हल जास्त लागते. म्हणून ही मुभा विश्रांतीपर्यंतच ठेवावी.

लहान चिप कधी काढून घ्यायच्या?

१५०/३०० ची लेव्हल संपली की २५ च्या चिपची गरज उरत नाही. विश्रांतीतच त्या गोळा करून चारच्या बदल्यात १०० ची एक द्यावी. सगळ्या मिळून त्या २,००० गुणांच्या असतात, म्हणजे १०० च्या २० चिप लागतील. एक-दोन सुट्या उरल्या तर घरगुती खेळात वर गोल करून १०० देणे सोपे. १०० च्या चिप मात्र शेवटपर्यंत राहू द्याव्यात, कारण ६०० आणि ८०० च्या ब्लाइंडला त्या लागतात.

सोळा जण असतील तर?

टू-बीएचकेच्या हॉलमध्ये सहा खुर्च्यांचे जेवणाचे टेबल दहा जणांना पुरत नाही. दोन टेबले जोडून वर जाड चादर टाकली की पत्ते उचलणेही सोपे होते. सोळा जणांसाठी आठ-आठची दोन टेबले करावीत. वरच्याच वाटपाने २५ च्या १२८, १०० च्या १२८ आणि ५०० च्या ६४, अशा ३२० चिप लागतात, म्हणजे ५०० चा संच हवा. बेरीज ४८,००० असल्याने खेळ अकराव्या-बाराव्या लेव्हलपर्यंत जातो. १५ मिनिटांच्या लेव्हलने तो विश्रांती सोडून तीन तासांत बसतो. आठ जण उरले की दोन्ही टेबले एकत्र करावीत. प्रत्येक टेबलावर वेगळ्या पाठीचे दोन कॅट असले, तर एक वाटेपर्यंत दुसरा पिसून तयार राहतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यातील कलम ४ जुगाराचा अड्डा चालवणाऱ्यासाठी आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कलम ५ तिथे सापडणाऱ्यांसाठी आहे. एखादे घर ‘अड्डा’ ठरते का, हे पाहताना घरमालक किंवा खेळवणारा त्यातून नफा कमावतो का, जागेचे वा साहित्याचे पैसे घेतो का, हा कळीचा मुद्दा असतो. निव्वळ कौशल्याच्या खेळाला कलम १३ ने वगळले आहे.

पोकर त्यात बसते का, यावर न्यायालयांचे एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकरला जुगार मानले, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पोकर आणि रमीला कौशल्याचे खेळ म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६७ मध्ये सत्यनारायण खटल्यात रमी प्रामुख्याने कौशल्याची आणि तीन पत्तीसारखा खेळ नशिबाचा, असा फरक केला. पण त्याच निकालात, रमी असली तरी पैसे लावलेल्या खेळातून मालक नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो, हेही सांगितले.

मग घरच्या स्पर्धेची घडी कशी बसवावी?

सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे पैसा टेबलावर आणायचाच नाही. प्रवेश शुल्क नको, रोख बक्षीस नको आणि प्रत्येक डावातून घरासाठी वाटा काढणे तर मुळीच नको. जेवणाचा खर्च वाटून घ्यायचा असेल तर तो खेळापासून वेगळा ठेवावा. विजेत्याला छोटा करंडक किंवा पुढच्या स्पर्धेची तारीख ठरवण्याचा मान पुरतो. मोबाइलवर फक्त लेव्हलचा टायमर लावावा, पैसे लावायचे अ‍ॅप नको. सोसायटीचे क्लबहाऊस वापरायचे असेल तर समितीला आधी लेखी कळवावे.

टुर्नामेंटच्या चिपमागे तसेही पैसे नसतात. त्या नीट मोजून वाटल्या तर ईर्ष्या तेवढीच राहते, दहाच्या आत निकाल लागतो आणि शेवटच्या खेळाडूलाही गाडी मिळते.