परकीयांचे मालमत्ता-हक्क, सत्तांतरानंतरचे
एखाद्या प्रदेशातील परकीय सत्तेचा अंमल किंवा तिचे विशेषाधिकार संपुष्टात आले, म्हणजे तिच्या नागरिकांनी पूर्वीच्या कायद्यानुसार मिळविलेल्या जमिनी, घरे, ठेवी व सवलती यांचे काय होते, हा आंतरराष्ट्रीय कायद्यातील गुंतागुंतीचा प्रश्न आहे. सार्वभौमत्व बदलले, तरी खाजगी मालमत्ता अबाधित राहते, हे तत्त्व सामान्यतः मान्य असले, तरी प्रत्यक्ष संरक्षण तहाच्या शब्दांवर अवलंबून असते.

११ जानेवारी १९४३ रोजी ब्रिटन व अमेरिका यांनी चीनशी स्वतंत्र तह करून तेथील आपले राज्यक्षेत्रातीत अधिकार सोडले. ब्रिटनच्या तहावर भारताच्या वतीनेही सही झाली. परकीयांचे स्थावर मालमत्तेवरील विद्यमान हक्क, कपट सिद्ध झाल्याखेरीज, नाकारता येणार नाहीत, असे त्यांत ठरले. मात्र तिसऱ्या देशाच्या नागरिकास ते देण्यासाठी चीनची संमती आवश्यक करण्यात आली.

गोव्यात क्रम उलटा झाला : सत्तांतर आधी, तह नंतर. डिसेंबर १९६१ मधील लष्करी कारवाईने पोर्तुगीज अंमल संपला, परंतु पोर्तुगालने ही घटना १३ वर्षे मान्य केली नाही. या काळात प्रदेश सोडून गेलेल्यांची मालमत्ता १९६४ च्या निष्क्रांत-मालमत्ता कायद्याखाली अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. दुसऱ्या बाजूस, बांकू नासियोनाल उल्त्रामारिनू या बँकेकडे गोमंतकीयांनी गहाण ठेवलेले दागिने कारवाईपूर्वीच लिस्बनला हलविण्यात आले होते. म्हणजे नुकसान दोन्हीकडील सामान्य माणसांचे होते.

पोर्तुगालमध्ये एप्रिल १९७४ मध्ये क्रांती झाल्यावर वाटाघाटी शक्य झाल्या. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्ली येथे यशवंतराव चव्हाण व मारिऊ सुआरिश या परराष्ट्रमंत्र्यांनी तहावर सह्या केल्या. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. मालमत्ता व दावे यांविषयीचे प्रश्न मात्र द्विपक्षीय बोलण्यांवर सोपविण्यात आले. तहाने हा प्रश्न सोडविला नाही, पुढे ढकलला, असेच म्हणावे लागते.

पोर्तुगीज काळातील खाणसवलतींबाबत १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जुने कायदे चालू राहिले म्हणून जुने हक्क आपोआप टिकत नाहीत, नव्या सत्तेने ते मान्य केलेले असावे लागतात, असा निर्णय दिला. १९८७ च्या कायद्याने या सवलती रद्द होऊन त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. लिस्बनमधील दागिने १९९१ मध्ये, ३० वर्षांनी, परत आले. तोवर गहाण ठेवणाऱ्यांपैकी अनेकांच्या वारसांनाच त्यांवर हक्क सांगावा लागला.