वटवाघळांच्या गुहेत कॅमेरा नेण्यापूर्वी

पावसाळा सरला, की सह्याद्रीतल्या वाटांवर कॅमेरे घेतलेली मंडळी दिसू लागतात. पूर्वी त्यांचा रोख सूर्यास्त आणि तटबंदी यांच्यावर असे. आता किल्ल्यावरचे अंधारे कोठार, वापरात नसलेला बोगदा, कोणी राहत नसलेला पडका वाडा यांची ओढ वाढली आहे. माणूस निघून गेला की अशा जागी वटवाघळे, पाकोळ्या, घुबडे मुक्कामाला येतात. उजाड वास्तू आणि वन्यजीव एकाच चौकटीत मिळतात. छंद चांगलाच आहे. मात्र त्या अंधारात पायाखाली काय साचले आहे आणि श्वासावाटे काय आत जाते आहे, हे आधी समजून घ्यायला हवे.

वटवाघळांची वस्ती जुनी असेल, तर जमिनीवर त्यांच्या विष्ठेचा थर असतो. अशा ओलसर, नायट्रोजनयुक्त मातीत ‘हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम’ नावाची बुरशी वाढू शकते. तिचे सूक्ष्म बीजाणू दोन ते पाच मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान असतात. माती हलली की ते हवेत उडतात आणि थेट फुप्फुसांच्या टोकापर्यंत पोहोचतात. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवू शकत नाही.

या बाबतीत नुसत्या भटक्यापेक्षा छायाचित्रकाराला धोका अधिक. तो आत जाऊन लगेच परतत नाही. तिवईचे पाय रोवतो, खालून कोन साधण्यासाठी जमिनीवर पालथा पडतो, मनासारखी चौकट मिळेपर्यंत तासभर थांबतो. प्रकाशाचा झोत उठून दिसावा म्हणून पायाने धूळ उडवण्याची क्लृप्तीही काही जण वापरतात. बीजाणू फुप्फुसात जायला याहून सोपी वाट नाही.

बीजाणू शरीरात गेल्यावर साधारण ३ ते १७ दिवसांत ताप, कोरडा खोकला, थंडी, अंगदुखी, छातीत दुखणे अशी लक्षणे दिसू शकतात. या आजाराला हिस्टोप्लाझ्मोसिस म्हणतात. बहुतेक निरोगी माणसांत तो सौम्य असतो आणि आपोआप बरा होतो. पण एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांच्यात तो शरीरभर पसरून जिवावर बेतू शकतो. तो एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही आणि त्यावर बुरशीविरोधी औषधे आहेत. अडचण निदानाची आहे. ताप, खोकला आणि एक्स-रेमधला डाग पाहून आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो. रुग्णाने गुहेचा उल्लेखच केला नाही, तर डॉक्टरांना तो विचार सुचणे कठीण.

विषाणूंचा प्रश्न वेगळा आहे. युगांडातील क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानात ‘पायथन केव्ह’ नावाची गुहा आहे. तिथली हजारो फळभक्षी वटवाघळे आणि त्यांच्यावर जगणारे अजगर पाहायला पर्यटक जात. २००८ साली या गुहेत जाऊन आलेल्या नेदरलँड्सच्या एका महिलेचा मारबर्ग विषाणूच्या संसर्गाने मृत्यू झाला. त्याआधी काही महिने तिथे जाऊन आलेली एक अमेरिकी महिलाही याच विषाणूने आजारी पडली होती. ती बचावली, पण तिच्या आजाराचे नेमके निदान नंतरच झाले. पुढे शास्त्रज्ञांना त्या गुहेतल्या वटवाघळांत हा विषाणू सापडला.

आपल्याकडे मारबर्गची नोंद नाही. मात्र पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्या. याचा अर्थ महाबळेश्वरला जाणे धोक्याचे, असा नाही. महाराष्ट्रात माणसांमध्ये निपाहची साथ नोंदली गेलेली नाही. अर्थ एवढाच, की वटवाघळांना हात लावणे, त्यांच्या थव्याखाली तोंड उघडे ठेवून उभे राहणे किंवा तिथे बसून डबा खाणे शहाणपणाचे नाही.

धोका गुहेच्या आतच असतो असेही नाही. तिथवर नेणारी जंगलवाटही पाहावी लागते. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडांमुळे पसरतो. गेल्या दशकात तो गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरातही आढळला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे नेमका छायाचित्रणाच्या हंगामात, त्याचा जोर असतो. पक्ष्याची वाट पाहत पाल्यापाचोळ्यात बसणाऱ्याला खसखशीएवढी गोचीड चावल्याचे कळतही नाही.

आता दुसरी बाजू. माणसाला वटवाघळांकडून जेवढा धोका, त्याहून कितीतरी जास्त धोका त्यांना माणसाकडून आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हाउज केव्हमध्ये एका गुहाभटक्याने नाकावर पांढरी बुरशी असलेल्या वटवाघळांचे छायाचित्र टिपले. ‘व्हाइट नोज सिंड्रोम’ या रोगाचा तो पहिला पुरावा ठरला. पुढे या रोगाने उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळे मेली. ही बुरशी माणसांच्या बुटांवरून किंवा साहित्यावरून युरोपातून आली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे छायाचित्राने रोग उघड केला आणि छायाचित्रकाराचे बूट तो पसरवूही शकतात.

आपल्या जवळचे उदाहरण बेळगाव जिल्ह्यातील बारापेडे गुहेचे. रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट हे दुर्मीळ वटवाघूळ कित्येक दशके जगात फक्त याच गुहेतून माहीत होते. अशा वस्तीत एकामागून एक फ्लॅश उडाले, तर घाबरलेल्या माद्या उडतात आणि अंगाला बिलगलेली पिल्ले खाली पडतात. ती सहसा वाचत नाहीत. कीटक खाणारी, फुलांचे परागीभवन करणारी, बिया पसरवणारी ही जमात कमी झाली, तर तोटा शेताचा आणि जंगलाचा.

काळजी अवघड नाही. वस्ती असलेल्या गुहेत शक्यतो जाऊच नये. संध्याकाळी तोंडाशी लांब उभे राहून बाहेर पडणारा थवा टिपावा. आत जाणे भाग असेल, तर आधी परवानगी घ्यावी, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. धूळ उडवू नये, पिल्लांच्या काळात जाऊ नये. परतल्यावर बूट, तिवई आणि पिशवी धुवावी, कपडे वेगळे काढावेत आणि अंगावर गोचीड आहे का ते पाहावे. वटवाघूळ चावले किंवा ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीबाबत डॉक्टरांना भेटावे.

आणि तीन आठवड्यांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांना लक्षणांबरोबर एक वाक्य जरूर सांगावे: कुठे गेलो होतो, कधी, आणि तिथे वटवाघळे होती. निदानाला लागणारे दिवस त्या एका वाक्याने वाचू शकतात.