वाकळीच्या कोपऱ्यातलं फूल

गंगाखेडच्या माणसाला वाकळ समजावून सांगावी लागत नाही. जनाबाई आमच्या गावची. तिच्या घरून पहाटे घाईत निघालेला विठोबा आपला शेला तिथंच विसरला आणि तिची वाकळ पांघरून देवळात जाऊन उभा राहिला, ही कथा आम्ही इतक्या कीर्तनांत ऐकलीय की बुवांनी 'सकाळी देवळाचं दार उघडलं' म्हणायचा अवकाश, पुढचं मागच्या रांगेतली पोरंच सांगतात. देवाच्या पदकाच्या चोरीचा आळ जनीवर येतो, सूळ उभा राहतो, सुळाचं पाणी होतं. मला मात्र चोरीपेक्षा ती वाकळच कथेत मोठी वाटत आलीय. दासीचं चिंध्यांचं पांघरूण, आणि देवाच्या अंगावर तेच दिसतं.

गेल्या हिवाळ्यात आत्या ओसरीवर वाकळ शिवत बसली होती. खाली जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर धोतराचे, परकराचे, शाळेच्या गणवेशाचे तुकडे. मी तिला मोबाइलवर एक फोटो दाखवला. तिनं चष्मा वर केला. 'कुणाची शिवलीय? टाके तर आपल्यासारखेच आहेत की.' मग चारी कोपऱ्यांवर बोट ठेवून म्हणाली, 'हे काय लावलंय बाई कोपऱ्याला?'

'सिद्दी बायांची आहे,' मी म्हणालो.

'सिद्दी जौहर!' आठवीतला पुतण्या आतून ओरडला. 'पन्हाळ्याचा वेढा!'

आपली सिद्दींशी ओळख साधारण इथंच सुरू होते आणि इथंच संपते. वेढा, जंजिरा, तोफा. तो सिद्दी किंवा हबशी पूर्व आफ्रिकेतून आला, त्याच्या जातकुळीची माणसं आजही शेजारच्या राज्यात राहतात, त्यांची पोरं शाळेत जातात, ढोल वाजवतात, नाटकं करतात, हे धड्यात येत नाही.

फोटोतल्या त्या वाकळीला तिकडं कवंद म्हणतात. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, अंकोला, मुंडगोड या भागातल्या जंगलांत सिद्दींच्या वस्त्या आहेत. पोर्तुगीजांनी आणि इतर व्यापाऱ्यांनी गुलाम म्हणून पश्चिम किनाऱ्यावर आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. त्यातले पुष्कळ गोव्यातून पळून घाटावरच्या रानात शिरले. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. घरात बोलतात ती कोकणी, मराठी आणि कानडीचे शब्द मिसळलेली. यातलं हल्याळ तर आपल्या सीमाप्रश्नाच्या नकाशात वर्षानुवर्षं आहे. सभांमधून आपण त्या तालुक्याचं नाव घेतो, तिथं राहणाऱ्या या माणसांचं नाही.

कवंद शिवायची रीत पाहण्यासारखी आहे. आधी कागदावर नक्षी नाही, मापाची पट्टी नाही. खाली जुनी साडी. बाई एका कोपऱ्यातून सुरू करते आणि काठाकाठानं तुकडे बसवत, धावदोरा घालत आत आत सरकते, शेवटी मधोमध येऊन थांबते. धर्माप्रमाणं कुणाच्या कवंदात क्रूस येतो, कुणाच्या चंद्रकोर. आणि कोपऱ्यांना घड्या घालून केलेले जाड त्रिकोण लावतात. त्याला फूल म्हणतात, आपलंच फूल. फूल नसलेलं कवंद म्हणजे उघडं, नागडं, असं त्या बाया मानतात. पांघरुणाची ऊब त्यानं वाढत नाही, मळ धरणारी एक जागा तेवढी वाढते. तरी ते लावायचंच.

मुली हे शिकतात ते आई-आजीच्या मांडीला मांडी लावून. कोणता रंग कुठं, हे कुणी सांगत नाही; चुकलं तर आजी फक्त तुकडा उचलून दुसरीकडं ठेवते. विस्कॉन्सिन विद्यापीठातले कला-इतिहासकार हेन्री ड्रेवल या वस्त्यांत आले, त्यांनी या कवंदांचा अभ्यास केला, बायांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंदं अमेरिकेतल्या प्रदर्शनांत टांगली गेली. बाळाला गुंडाळायची वस्तू भिंतीवर गेली की तिची किंमत वाढते. पण घरातल्या पोरीनं दाभण हातात घ्यायलाही कधी कधी असं बाहेरचं कौतुकच कामी येतं.

मुलांच्या वाट्याला दमाम येतो. दमाम म्हणजे ढोल, आणि त्याच्याभोवतीचा नाचही. बाया फुगडी घालतात, गाणी म्हणतात. यात शिकवणारा वेगळा आणि शिकणारा वेगळा असा भेद नसतो. पोर आधी टाळ्या वाजवतं, मग डब्यावर हात चालवतं, मग एक दिवस कुणीतरी दमाम त्याच्यापुढं सरकवतो. पण शाळेत हेच पोर कुरळ्या केसांवरून चिडवलं जातं. घरात जे मिरवायचं, तेच बाहेर लपवायचं, अशा ओढाताणीत कलेचं शिक्षण कसं टिकायचं?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला सापडलं ते नाटकात. शिवमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांनी १९४९ साली नीनासम ही संस्था सुरू केली. सुपारीच्या बागांमधल्या गावात जागतिक सिनेमा आणि नाटक आणणारा हा माणूस. १९९१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८०च्या दशकात नीनासमची मंडळी गावोगाव शिबिरं घेऊ लागली, तेव्हा चिदंबरराव जांबे यल्लापूर तालुक्यातल्या मंचीकेरीत सिद्दींबरोबर नाटक बसवायला आले. त्यांनी निवडली ती नायजेरियाच्या चिनुआ अचेबेंची १९५८ची कादंबरी, 'थिंग्ज फॉल अपार्ट'. इग्बो लोकांचं एक गाव, त्यांचे देव, त्यांचा अभिमानी पैलवान ओकोंक्वो, आणि मग गोऱ्या पाद्र्यांच्या व कचेऱ्यांच्या येण्यानं त्या गावाला पडत गेलेल्या भेगा.

ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून उचलून आणलं, त्यांनी आफ्रिकेतलीच गोष्ट कानडीत, आपल्याच दमामावर उभी केली. इग्बो पश्चिम आफ्रिकेतले आणि सिद्दी बहुतांशी पूर्वेकडचे, हे खरं. इतिहासाचा प्राध्यापक इथं भिंग लावील. नाटकाला वंशावळ लागत नाही. रंगमंचावर त्यांना वेगळं दिसण्याची लाज बाळगायची नव्हती. पुढं गिरिजा सिद्दी, प्रशांत सिद्दी अशी मुलं नीनासममध्ये रीतसर शिकली. प्रशांत कन्नड सिनेमात गेला, तिथं तो बहुतेक विनोदी भूमिकांत दिसतो. सिनेमानं अजून मंचीकेरीइतकं धाडस केलेलं नाही, एवढं म्हणतो. तसं २०२४ साली गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात जयन चेरियन यांचा 'रिदम ऑफ दमाम' दाखवला गेला. सिद्दींच्याच बोलीत, सिद्दी माणसांना घेऊन केलेला, एका सिद्दी मुलाची गोष्ट सांगणारा.

सरकारचं लक्ष मात्र आधी पायांकडं गेलं. भारतीय क्रीडा प्राधिकरणानं १९८७च्या सुमारास सिद्दी पोरं निवडून वसतिगृहात ठेवली. आफ्रिकी रक्त म्हणजे धावणार, जिंकणार, हा हिशेब. काही जिंकलीही. योजना काही वर्षांत गुंडाळली गेली आणि पोरं गावी परतली. त्यांचा ढोल कुणी विचारला नव्हता.

गुजरातेत दुसरीच अडचण. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे. तिथल्या सिद्दींची धमाल, म्हणजेच गोमा, ही पिरापुढची सेवा. बांटू भाषांमध्ये ङोमा म्हणजे ढोल, ढोलाबरोबरचा नाचही. शब्द समुद्र ओलांडून आला, इथं फक्त थोडा घासला. उभा मुगरमान आणि धनुष्यासारखं मलुंगा ही त्यांची वाद्यं. गीरमध्ये मात्र ही धमाल मोरपिसांचे घागरे घालून, तोंडं रंगवून रिसॉर्टच्या हिरवळीवर होते, आणि हवेत फेकलेला नारळ डोक्यावर फुटला की पाहुणे टाळ्या देतात. त्यातून पोरांना मजुरीपेक्षा बरे पैसे मिळतात, त्यांना नावं ठेवणं मला जमणार नाही. फक्त सिंह पाहून आलेल्या माणसाला त्याच तिकिटाच्या भावनेनं माणूसही पाहायला मिळतो, हे खटकतं. गीरमधल्याच जांबूरच्या हिरबाई लोबींना सिद्दी बाया-मुलांसाठी केलेल्या कामाबद्दल २०२३ साली पद्मश्री मिळाली, हे त्या पाहुण्यांपैकी किती जणांच्या कानावर असेल?

आणि आपण? अहमदनगरच्या ज्या निजामशाहीचा मलिक अंबर पेशवा, तिच्या घराण्याचं मूळ आपल्याच परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचं. इथिओपियात जन्मून, बाजारात अनेकदा विकला जाऊन दख्खनला आलेल्या या माणसानं १६१०मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवलं, नहरींनी पाणी आणलं, १६२४मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशहा दोघांच्या फौजा एकदम मोडल्या. त्याची कबर खुलताबादला आहे. २०१३ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या शोम्बर्ग केंद्रानं भारतातल्या आफ्रिकनांवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा तिथल्या काळ्या पोरांनी मलिक अंबर पाहिला. वेरूळच्या सहलीतली आमची पोरं खुलताबादवरून सरळ पुढं जातात.

जवळचंच सांगायचं तर हैदराबाद. परळीमार्गे रात्रीच्या गाडीनं दवाखान्यासाठी जाणारे आमचे लोक लकडी का पुलाशेजारी 'ए. सी. गार्ड्स' नावाच्या वस्तीत हमखास येऊन पडतात. एकानं मला ते थंडगार लॉजचं नाव म्हणून सांगितलं होतं. तो निजामाच्या आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्सचा मोहल्ला. १९४८पर्यंत मराठवाडाही निजामाच्याच राज्यात होता. घोडदळ गेलं, तिथल्या सिद्दींचा मर्फा राहिला, लग्नाच्या वरातीत वाजणारा. तोही गल्लीतच शिकला जातो, थोरल्या भावाच्या हातातून धाकट्याच्या हातात.

यातलं थोडंसंच मी त्या दिवशी ओसरीवर सांगितलं. पुतण्याला ओकोंक्वो पैलवान आवडला, त्यानं कुस्ती कोण जिंकतं ते विचारून घेतलं. आत्यानं फोटो दोन बोटांनी मोठा केला, कोपऱ्यातल्या फुलाच्या घड्या मोजल्या, आणि आपल्या वाकळीचा कोपरा चिमटीत धरून पाहिला.

'पाच-सहा पदर होतील,' ती म्हणाली. 'दाभण वाकंल. त्यांची सुई कसली असती, ते विचारून घे.'