लिनबाबाचा 'शांताराम' कुणी केला?

हॉस्टेलच्या एखाद्या तरी खोलीत हे पुस्तक सापडतंच. कधी लॅपटॉपखाली, कधी खिडकी आपटू नये म्हणून मध्ये खुपसलेलं, क्वचित खरंच उशाशी. नऊशेहून जास्त पानांचं 'शांताराम'. फुटपाथवर विकत घेणारे भरपूर, शंभराव्या पानाच्या पुढे जाणारे कमी. आणि जे शेवटपर्यंत जातात ते पुढे दिसेल त्याला 'वाच रे एकदा' म्हणून पिडत राहतात. मी या तिसऱ्या गटातली.

कव्हरवरच्या नावाकडे मात्र आपण फारसं बघत नाही. शांताराम! आपल्या वर्गात एक तरी शांताराम आहे का? ते नाव आजोबांचं, नाहीतर सिनेमावाल्या व्ही. शांतारामांचं. मग हेरॉइनच्या नशेपायी दरोडे घालून तुरुंगातून पळालेल्या ऑस्ट्रेलियन माणसाच्या गोष्टीला हे नाव कसं मिळालं? त्याचं उत्तर आहे एक मित्र आणि त्या मित्राची आई.

आधी लेखकाबद्दल. ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्सचा जन्म १९५२चा, मेलबर्नचा. लग्न मोडलं, लहान मुलीचा ताबा गेला आणि तो हेरॉइनकडे वळला. नशेला पैसा लागतो, म्हणून दरोडे. हातात खोटं पिस्तूल, अंगात थ्री-पीस सूट, तोंडी 'प्लीज' आणि 'थँक यू'. तिथल्या पेपरांनी त्याला 'जंटलमन बँडिट' असं नाव दिलं. ऐकायला एकदम फिल्मी, पण शिक्षा १९ वर्षांची झाली. १९८० मध्ये भरदिवसा तो पेंट्रिज तुरुंगाची भिंत ओलांडून पळाला आणि पुढे मुंबईत येऊन पोचला.

कादंबरीतला लिन याच वाटेने येतो. खिशात खोटा पासपोर्ट, त्यावरचं नाव लिंडसे. कुलाब्यात उतरल्यावर त्याला गाठतो गाइडचं काम करणारा, बुटका, तोंडभर हसणारा प्रभाकर. (इंग्रजी पुस्तकात त्याचं स्पेलिंग 'प्रबाकर' असं आहे. आपला 'भ' वाटेत कुठेतरी पडला.) या दोघांची मैत्री सुरू होते ती चक्क पैशांच्या व्यवहारातून, गाइड आणि गिऱ्हाईक म्हणून. मला हे आवडलं. कुणी कुणाचा जीव वाचवत नाही, पावसात मिठ्या मारत नाही. प्रभाकर म्हणतो, मुंबई दाखवतो. आणि दाखवतो.

तो काय काय दाखवतो, तेही बघा. आयुष्यात पुन्हा बसायचं नाही असं व्रत घेतलेल्या बाबांच्या अड्ड्यावर तो लिनला नेतो, आणि तिथे चिलीम ओढली जाते. म्हणजे आयुष्य बदलणारा हा मित्र व्यसनमुक्तीच्या पोस्टरवरचा आदर्श मित्र नाही. तो लिनला 'सोड' म्हणत नाही, लेक्चरही देत नाही. तो त्याला भाषा शिकवतो, मान कशी डोलवायची ते शिकवतो. शिव्या शिकवतो, हे तर ओघानं आलंच.

मग येतो ट्रेनचा प्रसंग. आपल्यापैकी ज्यांनी गणपतीला किंवा दिवाळीला जनरलच्या डब्यातून प्रवास केलाय, त्यांनी तो आधी वाचावा. प्रभाकर लिनला आपल्या गावी न्यायला निघतो. जागा मिळवण्यासाठी एक दांडगा हमाल ठरवतो आणि डब्यात अक्षरशः युद्ध होतं. गाडी सुटते आणि पाच मिनिटांपूर्वी कोपर मारणारी माणसं एकमेकांशी कमालीची अदबीने वागायला लागतात. लिनला कळत नाही, हा काय प्रकार? आपल्याला लगेच कळतं. आधी ढकलाढकली, मग 'सरका जरा, बसू द्या की यांना'.

गावाचं नाव सुंदर. महाराष्ट्रातलं खेडं, लिन तिथे सहा महिने राहतो. पावसाळ्यात नदी चढायला लागते तेव्हा तो घाबरून सगळ्यांना उठवायला निघतो. गावकरी मात्र पाणी कुठपर्यंत येणार याचा अंदाज बांधून काठ्या रोवण्याचा खेळ खेळत असतात. सगळे त्याला हसतात. त्याच मुक्कामात प्रभाकरची आई रुखमाबाई आणि गावातल्या बायका ठरवतात की या माणसाचा स्वभाव शांत आहे, तेव्हा याचं नाव शांताराम. ज्याच्या नावावर सशस्त्र दरोडे आहेत, ज्याच्या मागावर पोलिस आहेत, त्याच्यात या बायकांना शांत माणूस दिसला. त्यांना त्याची फाइल माहीत नव्हती. माहीत असती तर? पुस्तक बंद करून मी बराच वेळ यावर विचार केला. माहीत नव्हती म्हणूनच ते नाव कामाला आलं, असं मला वाटतं. ज्या घरात सगळ्यांना आपलं सगळं माहीत असतं, तिथे 'सुधारलेला' म्हणून वावरणं किती जड जातं, हे तुमच्यापैकी काही जणांना माहीत असेल.

(इथून पुढे स्पॉयलर आहे. ज्यांचं पुस्तक अजून लॅपटॉपखाली आहे, त्यांनी दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.)

प्रभाकर मरतो. टॅक्सी चालवायला लागलेला असतो, नुकतंच लग्न झालेलं असतं आणि अपघात होतो. आणखी एक जवळचा मित्रही गेला अशी बातमी येते. आणि लिन, ज्याने एवढी वर्षं हेरॉइनला हात लावलेला नसतो, एका अफूच्या अड्ड्यावर जाऊन पडतो. तीन महिने.

इथे रॉबर्ट्स मला पटला. इतर ठिकाणी हा माणूस सूर्यास्तावरही पानभर तत्त्वज्ञान सांगतो, ते खरंच कंटाळवाणं होतं. पण त्या तीन महिन्यांना तो मोजकीच पानं देतो. तिथे ना झिंग, ना रंगीत स्वप्नं. दिवस कधी संपला तेही कळत नाही, एवढंच. शेवटी ओळखीची माणसं येऊन त्याला तिथून उचलतात आणि एका घरात तो ती तलफ अंगावर काढतो. मैत्रीने नशा सुटली, असं सोपं समीकरण हे पुस्तक मांडत नाही. उलट मित्र गेला की ती परत येऊ शकते, हे दाखवतं.

खऱ्या आयुष्यात १९९० मध्ये रॉबर्ट्स जर्मनीत फ्रँकफर्टला पकडला गेला आणि ऑस्ट्रेलियात परत पाठवला गेला. आणखी सहा वर्षं तुरुंग, त्यातली दोन एकांतवासात. तिथेच त्याने हे लिहायला घेतलं. तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांनी हस्तलिखित दोनदा नष्ट केलं. दोनदा! आपली असाइनमेंट एकदा सेव्ह झाली नाही तर आपण सबमिशनची तारीख पुढे मागतो. पुस्तक शेवटी २००३ मध्ये आलं.

यातलं खरं किती? रॉबर्ट्सचं म्हणणं असं की ही कादंबरी आहे, आत्मचरित्र नाही; अनुभव आयुष्यातले, पात्रं मात्र रचलेली. चला, मान्य. पण मग प्रभाकरचं काय करायचं? तो पानोपानी मोडक्या इंग्रजीत बोलतो आणि आपण हसतो. मीही हसले. नंतर खटकलं. हाच माणूस मराठीत बोलला असता तर इतका विनोदी वाटला असता का? लिनचं दुःख पानंच्या पानं चालतं. प्रभाकरच्या दुःखाला तेवढी जागा नाही. गोरा हिरो आणि त्याला हसवणारा देशी मित्र, हा साचा आपण खूप सिनेमांत पाहिलाय. मित्रावर लिहिणं म्हणजे मित्राच्या वतीने बोलणं नव्हे, हा फरक रॉबर्ट्सला सगळीकडे सांभाळता आलेला नाही.

ज्यांना तुलना करून बघायचीय त्यांनी जीत थायिलची 'नार्कोपोलिस' घ्यावी. २०१२ मध्ये ती बुकरच्या अंतिम यादीत होती. थायिलचीही बरीच वर्षं नशेत गेली, हे त्याने उघडपणे सांगितलंय. तीच मुंबई, शुक्लाजी स्ट्रीटवरचे अफूचे अड्डे, आणि मध्यभागी डिंपल. ती हिजडा आहे, अड्ड्यावर पाइप भरून देते. प्रभाकरसारखी ती कुणाला हसवायला पुस्तकात आलेली नाही. तिची स्वतःची गोष्ट आहे, स्वतःचा राग आहे. अफूच्या जागी हळूहळू हेरॉइन येते तेव्हा या कादंबरीत तिला 'गरद' म्हणतात. हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. त्याच काळात अनिल अवचट पुण्या-मुंबईतल्या ब्राउन शुगरबद्दल लिहीत होते आणि त्यांच्या पुस्तकाचं नाव होतं 'गर्द'. त्यापाठोपाठ १९८६ मध्ये पुण्यात अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. नशेतून बाहेर आलेली माणसंच तिथे नव्याने आलेल्यांचा हात धरतात. रॉबर्ट्सच्या लिनबाबाला हा पत्ता कुणी दिला नाही. तो तेव्हा तसा फार लांब नव्हता.

'शांताराम'वर २०२२ मध्ये वेब सिरीज आली आणि एका सीझनमध्ये आटोपली. पाहिली नसेल तर फार काही बिघडलं नाही. पुस्तक मात्र मराठीतही आहे, अपर्णा वेलणकर यांनी अनुवाद केलाय, मेहता पब्लिशिंग हाउसने काढलाय. इंग्रजीची भीती वाटते हे कारण त्यामुळे चालणार नाही. जाडी मात्र मराठीतही कमी झालेली नाही, तेव्हा लॅपटॉपला दुसरा आधार शोधून ठेवा.