गाण्याची पट्टी आणि यंत्राची साथ

गाण्यास आरंभ करण्यापूर्वीं पहिला प्रश्न सुटावा लागतो तो हा, कीं षड्ज कोठें धरावयाचा? आपल्याकडे या प्रश्नाचें उत्तर गाणाराचा गळा देतो. पुरुष बहुधा काळी एक किंवा काळी दोन या पट्टींत गातात, स्त्रिया काळी चार किंवा काळी पांचमध्यें. आणि ज्याचा गळा याहून निराळा, त्याला पेटीवाला निराळा सूर देतो. षड्जाला अमुक एकच जागा पाहिजे असा आपल्या संगीताचा आग्रह कधींच नव्हता. परंतु अलीकडे कित्येक घरांत पेटीच्या जागीं संगणक साथ करूं लागला आहे, आणि त्यामुळें हा जुनाच प्रश्न नव्या वेषांत पुढें आला आहे. यंत्राला गाणाराचा गळा दिसत नाहीं. त्याला जें सांगावें तेंच तें वाजवितें. तेव्हां त्याला काय सांगावें व कसें सांगावें, हें घरांतील गाणारांनीं समजून घेणें अगत्याचें झालें आहे.

या कामाच्या आज्ञावलींत 'बँड-इन-अ-बॉक्स' ही एक जुनी व प्रसिद्ध आज्ञावली होय. कॅनडांतील पीटर गॅनन यांच्या पी. जी. म्युझिक या कंपनीनें ती १९९० सालीं बाहेर आणली. तिची मांडणी साधी आहे. पडद्यावर वहीच्या पानाप्रमाणें चौकटी आंखलेल्या असतात. एक चौकट म्हणजे तालाचें एक माप; वादक लोक त्यास 'बार' म्हणतात. त्या चौकटींत आपण कॉर्डचें नांव लिहावयाचें, वादनाची शैली व लय निवडावयाची, आणि कळ दाबली कीं पियानो, गिटार, बास व ड्रम यांचा एक लहानसा ताफा साथ करूं लागतो. कॉर्ड म्हणजे एकाच वेळीं वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. षड्ज, शुद्ध गांधार व पंचम एकत्र वाजविले म्हणजे मेजर कॉर्ड होते. त्यांतील गांधार कोमल केला म्हणजे मायनर होते.

अशा रीतीनें लिहिलेल्या मालिकेवर आपणांस दोन प्रकारचे संस्कार करतां येतात. एक, सबंध मालिका उचलून दुसऱ्या पट्टींत नेणें. दुसरा, तिच्यांतील एखादी कॉर्ड काढून तिच्या जागीं दुसरी घालणें. पहिल्यांत स्वरांचीं स्थानें बदलतात, परंतु त्यांचें परस्परांशीं असलेलें नातें बदलत नाहीं. दुसऱ्यांत नातेंच बदलतें. हा भेद ज्यानें ध्यानांत ठेविला, त्याला या यंत्राचें भय वाटण्याचें कारण नाहीं. ज्यानें तो ठेविला नाहीं, त्याच्या हातून चांगल्या गाण्याची हानि होण्याचा संभव फार.

प्रथम पट्टी बदलण्याचा विचार करूं. सप्तकांत बारा अर्धस्वर असतात. 'सी, ए मायनर, एफ, जी' ही मालिका दोन अर्धस्वर वर नेली म्हणजे ती 'डी, बी मायनर, जी, ए' अशी होते. प्रत्येक कॉर्ड सारख्याच दोन पायऱ्या चढली. कोणी मागें राहिली नाहीं. संगणकाच्या पोटांत हा हिशेब निव्वळ बेरजेचा असतो. १९८३ सालीं प्रचारांत आलेल्या 'मिडी' या संकेतांत प्रत्येक स्वराला ० पासून १२७ पर्यंतचा एक अंक नेमून दिला आहे. पियानोच्या मध्यावरील 'सी'चा अंक ६०. दोन अर्धस्वर चढवावयाचे म्हणजे प्रत्येक अंकांत दोन मिळवावयाचे. मात्र तालवाद्यांना हा नियम लावून चालत नाहीं. १९९१ सालच्या 'जनरल मिडी' या नियमावलींत दहावी वाहिनी तालवाद्यांकरितां राखून ठेविली असून तेथें अंक स्वराचा नसतो, वाद्याचा असतो. ३६ म्हणजे पायानें वाजवावयाचा बास ड्रम व ३८ म्हणजे स्नेअर ड्रम. तेथेंहि दोन मिळविले तर पट्टीबरोबर वाद्यच बदलून बसेल! म्हणून चांगली आज्ञावली पट्टी बदलतांना तालवाद्यांस हात लावीत नाहीं.

दुसरी अडचण नांवांची. आपली काळी चार घ्या. पाश्चात्त्य लेखनांत तिला 'जी शार्प' म्हणतां येतें, तसें 'ए फ्लॅट'हि म्हणतां येतें. पेटीवर कळ एकच आहे. परंतु पट्टीच्या सात स्वरांत प्रत्येक अक्षर एकदांच यावें असा तिकडील लेखनाचा नियम असल्यामुळें जी शार्प मेजर मानली तर सातवा स्वर 'एफ डबल शार्प' असा अवघड लिहावा लागतो. तीच पट्टी ए फ्लॅट मानली म्हणजे चार फ्लॅटांत काम भागतें. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाचें गाणें काळी चारमध्यें गाणाऱ्या स्त्रीला द्यावयाचें, तर सात अर्धस्वर चढवावे लागतात. मग 'डी फ्लॅट, बी फ्लॅट मायनर, जी फ्लॅट, ए फ्लॅट' याचें 'ए फ्लॅट, एफ मायनर, डी फ्लॅट, ई फ्लॅट' असें होतें. आज्ञावलीनें यांत मध्येंच कोठें 'जी शार्प' लिहिलें तर कानाला फरक कळणार नाहीं, परंतु कागदावरून वाजविणारा वादक अडखळेल. उच्चार तोच, पण शुद्धलेखन चुकलेलें! यंत्रानें काढलेला कागद साथीदाराच्या हातीं देण्यापूर्वीं एकदां डोळ्यांखालून घालावा तो याचकरितां.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. बँड-इन-अ-बॉक्समध्यें पट्टी निवडण्याचे दोन मार्ग ठेविले आहेत. एका मार्गानें गेलें तर पट्टीबरोबर सर्व कॉर्ड्स बदलतात. दुसऱ्यानें गेलें तर कॉर्ड्स होत्या तेथेंच राहतात व केवळ पट्टीचें नांव बदलतें. नवशिक्याला हे दोन्ही मार्ग सारखेच वाटतात. ज्यांनीं आपल्या ग्रंथांतील मूर्च्छनेचा विचार ऐकला आहे, त्यांना मात्र हा भेद तत्काळ पटेल. मूर्च्छनेंत स्वर जागचे हलत नाहींत. षड्जाचें नांव तेवढें दुसऱ्या स्वराला दिलें जातें. भूपाचे पांच स्वर तसेच ठेवून त्याच्या गांधारास षड्ज मानलें, तर ऐकणारास मालकंस ऐकूं येतो. पट्टी बदलणें याच्या नेमकें उलट आहे. तेथें षड्ज हलतो व आपलें सर्व कुटुंब बरोबर घेऊन हलतो. म्हणून भूप हा भूपच राहतो. गाणें गळ्याला सोईचें करावयाचें असेल तर पहिला मार्ग. पट्टीचें नांव मुळांतच चुकीचें लिहिलें गेलें असेल तर दुसरा.

हें नातें अंकांनीं दाखविण्याची युक्ति अमेरिकेंतील वादकांनाहि सुचली. नॅशव्हिल शहरांतील ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'जॉर्डनेअर्स' या गायकवृंदांतील नील मॅथ्यूज यांनीं कॉर्डच्या नांवाऐवजीं तिच्या स्थानाचा अंक लिहिण्यास आरंभ केला, आणि पुढें चार्ली मॅकॉय यांनीं ती पद्धति वादकांत रूढ केली. वर दिलेली 'सी, ए मायनर, एफ, जी' ही मालिका त्या पद्धतींत केवळ 'एक, सहा, चार, पांच' होते. आणि गायकानें आयत्या वेळीं पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाहीं. आपल्या 'सा रे ग म'चें बीज हेंच आहे. ज्या घरांत लहानपणापासून सरगम म्हटली जाते, त्या घरांतील मुलांना ही विद्या अर्धीअधिक येतच असते. पाश्चात्त्य नांवांनीं तीं बिचकतात एवढेंच.

या सर्वाचा संसाराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. आमच्या घरांतील एक अनुभव सांगतों. आमच्या थोरल्या सूनबाई माहेरीं गात असत. येथें आल्यावर गणेशोत्सवांत बाजारांतील तयार साथीवर गाण्याचा प्रसंग आला. ती साथ ज्या गायिकेच्या गळ्याला बेतलेली होती, तिचा षड्ज काळी पांचचा. तार मध्यमापाशीं सूनबाईंचा आवाज फाटला. "आवाज आतां चढत नाहीं," असें घरांत एकानें म्हटलें, दुसऱ्यानें मान डोलाविली, आणि पुढें दोन वर्षें त्यांनीं गाण्याचें नांव काढलें नाहीं. नंतर एका सुटींत नातवानें त्याच गाण्याच्या कॉर्ड्स चौकटींत लिहून काढल्या व त्याची पट्टी एकेक अर्धस्वर खालीं आणीत पाहिली. तीन अर्धस्वर उतरून पांढरी पांचवर आल्यावर सूनबाईंनीं तें गाणें आरंभापासून अखेरपर्यंत स्वच्छ म्हटलें. दोष गळ्याचा नव्हता, पट्टीचा होता. अशा किती लेकीसुना व किती वयांत आलेलीं मुलें दुसऱ्याच्या पट्टींत गावें लागल्यामुळें गप्प झालीं असतील, याचा वडील मंडळींनीं विचार करावा.

आतां दुसरा संस्कार, म्हणजे कॉर्ड बदलणें. पाणिनीच्या व्याकरणांत ज्याच्या जागीं दुसरें कांहीं येतें तो स्थानी व जें येतें तो आदेश. आदेशानें बहुतेक ठिकाणीं स्थानीचें काम चालवावें अशी अपेक्षा असते. कॉर्ड्सचेंहि तसेंच आहे. 'सी'च्या जागीं 'ए मायनर' बसते, कारण दोघींत दोन स्वर समान आहेत. जॅझ वादक 'जी सेव्हन'च्या जागीं 'डी फ्लॅट सेव्हन' घालतात. वरवर पाहतां या दोन कॉर्ड्स एकमेकींपासून फार दूर; परंतु 'बी' आणि 'एफ' हे जे दोन स्वर मूळ कॉर्डला पुढें ओढतात, ते दोन्ही नव्या कॉर्डमध्येंहि आहेत. समान कार्य नसतां केवळ नवेपणाकरितां कॉर्ड बदलणें म्हणजे अर्थ न पाहतां शब्द बदलण्यासारखें आहे.

आपलीं रागावर बांधलेलीं भजनें व भावगीतें या यंत्रावर घालतांना तर फारच जपावें. 'एक, चार, पांच' या तीन कॉर्ड्स पाश्चात्त्य साध्या गाण्यांचा आधार. पण भूपांतील गीताला त्या लाविल्या तर 'सी' पट्टींत 'एफ'बरोबर मध्यम व 'जी'बरोबर निषाद आंत येतो, आणि हे दोन्ही भूपांत वर्ज्य. तेथें 'सी' व 'ए मायनर' यांवरच भागवावें. मालकंसांत पंचम वर्ज्य, म्हणून 'सी मायनर'सुद्धां चालत नाहीं. 'एफ मायनर' व 'ए फ्लॅट' यांचे सर्व स्वर मात्र रागांतलेच आहेत. यंत्र याबद्दल तक्रार करणार नाहीं. वर्ज्य स्वर तें तितक्याच प्रसन्नपणें वाजवील! आणि अशी चूक पट्टी बदलून कधींहि जात नाहीं. कारण नातें बिघडलेलें असलें म्हणजे तें कोठेंहि नेलें तरी बिघडलेलेंच राहतें.

शेवटीं कांहीं व्यवहाराच्या सूचना. मूळ गाण्याची प्रत निराळी राखून ठेवावी व फेरफार दुसऱ्या प्रतीवर करावे. पट्टी ठरवितांना गाण्यांतील सर्वांत उंच व सर्वांत खालचा, असे दोन्ही स्वर म्हणून पाहावे. केवळ उंच स्वराकडे पाहून पट्टी उतरविली तर मंद्रांतील स्वर बुडतात. सात अर्धस्वर चढविणें आणि पांच उतरविणें यांनीं एकाच नांवाची पट्टी मिळते, पण सप्तक निराळें पडतें. दोन्ही करून पाहावें. तयार ध्वनिमुद्रित साथ फार ओढली तर वाद्यांचा नाद विकृत होतो, म्हणून मोठा बदल करावयाचा असेल तर कॉर्ड्स लिहून साथ नव्यानें वाजवून घेणें बरें. घरांतील कोणी गिटारवर कॅपो लावून किंवा की-बोर्डवर पट्टी बदलण्याची कळ दाबून वाजवीत असेल, तर त्यानें कोणत्या नांवाचा कागद समोर ठेवावयाचा हें आधींच ठरवावें. नाहींतर एकाच गाण्याचे दोन षड्ज होतात.

स्वरांचीं नांवें व अंक सांभाळण्याचें काम यंत्र बिनतक्रार करील. तें त्याच्याकडे खुशाल सोंपवावें. कोणत्या गळ्याला कोणता षड्ज शोभतो आणि कोणत्या रागाला कोणता स्वर खपत नाहीं, हें मात्र घरांतील जाणत्या कानानेंच ठरविलें पाहिजे. गाणें माणसाकरितां आहे. तेव्हां गाण्यानें चार पायऱ्या उतरून गाणारापाशीं यावें, यांत गाण्याला कांहीं कमीपणा नाहीं.