औषधाची नोंदवही

वृद्धांच्या शुश्रूषागृहांत औषधांच्या कपाटाइतकेंच महत्त्व औषधांच्या नोंदवहीस आहे. सकाळची परिचारिका दुपारीं घरीं जाते व तिच्या जागीं दुसरी येते. पहिलीनें काय दिलें, हें दुसरीस कळावें कसें? रोग्यास विचारावें, तर वार्धक्यानें त्याची स्मृति शिणलेली. अशा वेळीं ती वही हीच त्याची स्मृति होय.

रोग्याचें नांव, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ हीं पांच अंगें नोंदींत हवींत. खालीं देणाराची सही हवी. औषध पोटांत गेल्याबरोबर नोंद करावी. आधीं नव्हे, आणि पाळीच्या अखेरीस आठवून तर मुळींच नव्हे. आधींच खूण केली आणि रोग्यानें गोळी थुंकून टाकली, तर वही खोटी ठरते. उलट, इन्शुलिन टोंचून नोंद राहिली, तर पुढची परिचारिका तें पुन्हां टोंचील. मग रक्तांतील साखर एकाएकीं उतरून रोगी बेशुद्ध पडेल. औषध नाकारलें गेल्यास तेंही कारणासह लिहावें.

आंकड्यांस विशेष जपावें. ‘५.०’ मधील टिंब पुसट झालें कीं पन्नास वाचले जातात. म्हणून नुसतें ‘५’ लिहावें. अर्धा मात्र ‘०.५’ असाच लिहावा. शिवाय देवनागरी ‘१’ हा इंग्रजी नवाच्या आंकड्यासारखा दिसतो. सबब मात्रा अक्षरांनींही लिहावी.

संधिवातावरील मेथोट्रेक्सेट हें औषध आठवड्यांतून एकदांच द्यावयाचें असतें. चुकून रोज दिलें गेल्यास रक्तपेशी घटून प्राणांवर बेततें. तेव्हां वहींत वाराचें नांव घालून बाकीच्या सहा दिवसांचे रकाने फुली मारून बंद करावे. अशी टाळतां येण्याजोगी गंभीर हानि पांच वर्षांत निम्म्यानें घटवावी, असा संकल्प जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सोडला होता.

आपलें वडील माणूस अशा गृहांत असेल, तर भेटीस गेल्यावर ही वही दाखविण्याची विनंती करावी. एखादा रकाना रिकामा दिसल्यास परिचारिकेवर रागें भरूं नये, शांतपणें विचारावें. रागाच्या धाकानें न दिलेल्या औषधाची खूण केली जाते, आणि मग चूक झाल्याचें कोणासच कळत नाहीं. रिकाम्या रकान्यामुळें निदान चौकशी तरी होते.