नाठाळ म्हणण्याआधी

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात आणि पुढचा रस्ता मुख्यतः पायांचा नि घोड्यांचा होतो. घोडा ठरवताना पर्यटक दोनच गोष्टी विचारतात: भाडं किती, आणि घोडा शांत आहे ना? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळतं. दुसऱ्याला सगळीकडे एकच उत्तर असतं, ‘एकदम शांत, लहान मुलंपण बसतात.’ त्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे. घोडा एकतर स्वभावाने गरीब असतो नाहीतर नाठाळ, आणि आपल्या वाट्याला कोणता येईल हे नशिबावर. डोंगरवाटेवरच्या घोडेस्वारीत माणसाचं आणि जनावराचं सर्वात जास्त नुकसान या समजुतीमुळे होतं, असं मला वाटतं. घोडा हा भक्ष्य म्हणून उत्क्रांत झालेला प्राणी आहे. कळपात लंगडणारा आधी मारला जातो, म्हणून तो दुखणं लपवतो आणि अगदी असह्य झालं की एकदम उसळतो. ब्रिटनमधल्या पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वारीखालच्या घोड्यांच्या २४ लकबींची एक यादी तयार केली. पाच सेकंदांहून जास्त वेळ कान मागे दाबून धरणं, शेपूट सारखी झटकणं, तोंड पुन्हापुन्हा उघडणं, मान एका अंगाला कलती ठेवणं, अडखळणं, पुढे जायला कांकू करणं अशा त्या लकबी. त्यांतल्या आठ किंवा त्याहून जास्त दिसल्या, तर घोड्याच्या सांध्यांत, स्नायूंत किंवा पाठीत दुखत असण्याची शक्यता मोठी. आपण ज्याला हट्टीपणा म्हणतो त्यातलं पुष्कळसं या यादीत सापडतं. म्हणून घोड्याची काळजी आणि स्वाराची सुरक्षितता ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत. दुखणाऱ्या पाठीवर बसलेला माणूस सुरक्षित नसतो.

या दुखण्याची सुरुवात बहुतेक वेळा खोगिरापासून होते. वर गादी जाड असली की घोड्याला त्रास नाही, असं समजलं जातं. पण गादी जाड असली तरी खालचा सांगाडा घोड्याच्या पाठीच्या मापाचा नसेल, तर सगळा भार दोन-चार ठिकाणीच येतो. तिथला रक्तपुरवठा दबतो, कातडी सोलवटते, केसांची मुळं जायबंदी होतात. जखम भरल्यावर तिथे पांढरे केस उगवतात. तांबड्या किंवा काळ्या घोड्याच्या पाठीवर, मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना रुपयाएवढे पांढरे ठिपके दिसले, तर ते बहुधा जन्मखूण नसून खोगिराच्या जुन्या घावांची खूण असते. आपल्या भाषेत ‘खोगीरभरती’ म्हणजे निरुपयोगी सामान. मूळच्या खोगिरात मात्र ही भरतीच कण्याच्या दोन्ही बाजूंना भार वाटून देते आणि कणा मधे मोकळा ठेवते. ती चेपून गेलेली असेल तर वरून टाकलेल्या रंगीत झुलीचा उपयोग नाही.

यानंतर वजन. ‘घोड्याची ताकद केवढी, त्याला माणसाचं काय ओझं!’ हे वाक्य इतकं रुळलंय की त्याचा हिशेब कुणी करत नाही. पण हिशेब सोपा आहे. घोड्याच्या छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८७७ने भागायचं, की किलोमध्ये अंदाजे वजन मिळतं. घेर १५० आणि लांबी १४५ असलेलं तट्टू सुमारे २७५ किलो भरतं. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून पाहिला. विसाच्या पुढे हृदयाचे ठोके आणि स्नायूंचं दुखणं वाढलेलं दिसलं. आपल्या तट्टाचे वीस टक्के म्हणजे ५५ किलो. त्यातून आठ किलोचं खोगीर वजा केलं तर स्वारासाठी ४७ उरतात. म्हणजे पंच्याऐंशी किलोचा गृहस्थ कुशीत लेकराला घेऊन जेव्हा त्याच तट्टावर बसतो, तेव्हा मर्यादेच्या दुपटीकडे जातो. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५च्या केंद्रीय नियमांतही तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो आहे. त्याच नियमांनी दिवसाला एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम करून घ्यायला, तसंच पारा ३७ अंशांच्या वर असताना दुपारी बारा ते तीन या वेळात जुंपायला मनाई केली आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो टाकाऊ नाही. याच सह्याद्रीत लहान चणीच्या दख्खनी तट्टांवर मराठ्यांच्या फौजा दौडल्या. भीमथडीचं तट्टू तर काटकपणासाठीच नावाजलेलं. मग आजचा पर्यटक त्याला कसा जड होतो? मोठा फरक बसणाऱ्यात आहे. शिलेदार असो की बारगीर, त्याचं आयुष्य खोगिरावर गेलेलं. घोड्याच्या प्रत्येक पावलाबरोबर त्याचं अंग हलायचं, चढावर तो पुढे झुकायचा, गरज पडली तर उतरून चालायचा. पहिल्यांदाच बसलेला माणूस पोत्यासारखा बसतो, दुडकीत प्रत्येक पावलाला आदळतो आणि तोल गेला की लगामाला लोंबकळतो. तेवढंच वजन, पण घोड्याच्या पाठीला ते कितीतरी जड. शिवाय फौजेतल्या घोड्यांनी ते सोसलं म्हणजे त्यांना ते सोसवत होतं असं नाही. मोहिमांमध्ये घोडे थकून पडायचेही.

पायांबद्दल बोलायचं तर एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: घोडा कधी बसत नाही, उभ्याउभ्याच झोपतो, त्यामुळे त्याला विसाव्याची वेगळी जागा लागत नाही. यातलं अर्धं खरं आहे. घोड्याच्या पायांत स्नायुबंधांची अशी रचना असते की सांधा अडकवून तो फारशी ताकद न लावता उभा राहतो आणि डुलकीही घेतो. पण गाढ झोप, ज्यात डोळे पापण्यांखाली फिरतात आणि स्नायू पूर्ण सैल पडतात, ती त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. ती दिवसाला अर्धा-एक तास पुरते, पण लागतेच. जागा अरुंद असेल, जमीन ओली किंवा दगडी असेल, तर घोडा दिवसेंदिवस आडवा होत नाही. मग उभ्याउभ्या झोपेत गुडघे मोडून कोसळतो. अशा घोड्याच्या पुढच्या पायांच्या घोट्यांवर समोरच्या बाजूने खरचटल्याचे वण दिसतात. विसाव्याला उभ्या घोड्याने मागचा एक पाय सैल सोडून खुराचं टोक जमिनीला टेकवलं असेल तर काळजीचं कारण नाही, तो आराम करतोय. पुढचा पाय तसा पुढे काढून ठेवला असेल तर मात्र तो दुखतो आहे. चालताना किंवा हलक्या दुडकीत डोक्याकडे पाहा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकला की खाली आणतो. हे ओळखायला पशुवैद्य असावं लागत नाही, वीस पावलं घोडा समोरून चालवून घेतला की दिसतं. आणि असा घोडा जांभ्याच्या ओल्या, लाल चिखलाच्या उतारावर किंवा गुळगुळीत फरशीवर लोखंडी नाल घालून उतरू लागला की पुढे काय होणार, ते उघड आहे.

‘तापलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये, पोटशूळ होतो’ हीसुद्धा अशीच घट्ट बसलेली समजूत. भल्या हेतूने पाळली जाते, म्हणून जास्त घातक. काम करून आलेल्या घोड्याला पाणी पाजल्याने अपाय होत नाही, उलट तहान भागवू न दिल्याने शरीरातलं पाणी कमी होऊन पोटाचं चलनवलन मंदावतं आणि पोटशूळाचा धोका त्यातून येतो. विसाव्यातल्या घोड्यालाही दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागतं, डोंगर चढणाऱ्याला त्याहून पुष्कळ जास्त. घामावाटे त्याच्या अंगातलं मीठही माणसापेक्षा जास्त जातं, म्हणून पाण्याबरोबर मिठाचा खडा हवा. अटलांटाच्या १९९६च्या ऑलिंपिकपूर्वी दमट उन्हात घोडे थंड कसे ठेवायचे यावर बरंच संशोधन झालं आणि अंगावर भरपूर गार पाणी ओतत राहणं सुरक्षित नि परिणामकारक ठरलं. कोकणपट्टीलगतच्या डोंगरांवर हवा दमट असते, घाम वाळत नाही, त्यामुळे आपल्याकडे त्याचं मोल जास्तच आहे. खाण्याच्या बाबतीत मात्र पर्यटकांनी हात आखडलेला बरा. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, त्यात आम्ल चोवीस तास स्रवतं, म्हणून त्याला थोडं थोडं, पण सतत चघळायला गवत लागतं. चंदी एकदम भरपेट देऊन लगेच चढाला लावणं चूक. आणि घोड्याला उलटी होत नाही. प्रेमाने भरवलेला पाव, अख्खं सफरचंद, गाजराची गोल चकती घशात अडकू शकते, आणि पोटात गेलेलं चुकीचं काही तो बाहेर टाकू शकत नाही. द्यायचंच तर गाजर उभं चिरून, घोडेवाल्याला विचारून, तळहात सपाट ठेवून.

घोड्याच्या मागे उभं राहू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याला दिसत काय नाही, हे कमी जणांना ठाऊक असतं. डोळे डोक्याच्या दोन अंगांना असल्याने त्याला भोवतालचा जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर दिसतो. आंधळे पट्टे दोन: एक थेट मागे आणि दुसरा कपाळाच्या अगदी समोर. म्हणजे समोरून येऊन कपाळावर एकदम हात टाकणं हेही मागून येण्याइतकंच दचकवणारं. तिरकं, खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावं. अचानक फडफडलेली प्लास्टिकची पिशवी, माकडाची उडी, मागच्या घोड्याचं अंगाला भिडणं, यांनी पूर्ण निरोगी घोडाही भडकतो. तेव्हा सगळे अपघात दुखण्यातूनच होतात असा माझा दावा नाही. पण निरोगी, भुकेला-तहानलेला नसलेला घोडा दचकल्यावर चार पावलांत सावरतो, आधीच सोसत असलेला सावरत नाही. अशा वेळी दोन्ही हातांनी लगाम जिवाच्या आकांताने ओढणं ही नैसर्गिक पण चुकीची प्रतिक्रिया. तोंडातली कडी जबड्याच्या नाजूक हाडावर रुतते आणि घोडा वेदनेपासून पुढे पळू पाहतो. एका बाजूचा लगाम हळूहळू आखडून त्याला वळणावर घेतलं की वेग मोडतो, अर्थात वाट तितकी रुंद असेल तर. अरुंद कड्याच्या वाटेवर दोर धरून चालणारा घोडेवालाच उपयोगी. म्हणून ‘सोडा, मी एकटाच नेतो’ हा हट्ट तिथे धरू नये.

‘घोडा चालतच तर नेणार, हेल्मेट कशाला?’ या प्रश्नाला उत्तर उंचीचं आहे. चौदा मुठी उंचीच्या घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून सव्वादोन मीटरवर असतं, घोडा चालत असो की उभा. घोडेस्वारीतल्या मृत्यूंमध्ये डोक्याला मार लागणं हेच मुख्य कारण राहिलं आहे. हेल्मेट घामट असतं, अनेकांनी वापरलेलं असतं, हा आक्षेप खरा आहे, त्यावर उपाय म्हणजे आत बांधायचा सुती रुमाल. रिकिबीत अर्धा पाय, टाचेचा बूट, हेही त्याच वर्गातलं: चपलेतला किंवा सपाट तळाचा पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेला माणूस घोड्यामागे फरफटत जातो.

सगळ्यात गंभीर आक्षेप घोडेवाल्यांच्या बाजूचा. पर्यटकांनी असं नाक खुपसलं तर हातावर पोट असलेल्यांचं काय? हंगाम थोडा, खुराकाचा नि नालबंदाचा खर्च बारमाही, वर पर्यटक भाड्यात घासाघीस करतात. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच घोड्यावर बहिष्कार घालणं हा उपाय मला पटत नाही. काम गेलेल्या घोड्याला कोणी सुखाने पोसत नाही. पण घासाघीस करून पाडलेले शंभर रुपये शेवटी घोड्याच्या चंदीतून किंवा चुकलेल्या विसाव्यातूनच वसूल होतात. पूर्ण भाडं द्यावं, वजन जास्त असेल तर मोठा घोडा मागावा किंवा चालावं, तीव्र चढ-उतारावर खाली उतरावं, आणि बसण्याआधी पाठ दाखवायला सांगावं. नीट ठेवणारा घोडेवाला ती आनंदाने दाखवतो.

फेरी संपली की खोगीर उतरवेपर्यंत दोन मिनिटं थांबा. तंग सुटतो, खोगीर उचललं जातं, आणि खाली घामाने भिजलेली पाठ दिसते. ओलावा कण्याच्या दोन्ही अंगांना सारखा असेल तर भार सारखा होता. भिजलेल्या केसांत मधेच कोरडा, मुठीएवढा डाग असेल, तर बहुधा तिथेच खोगीर सगळ्यात जास्त रुतलं होतं. तो डाग घोडेवाल्याला बोटाने दाखवा. उद्या तिथली कातडी सोलवटायच्या आत खोगीर बदलायला किंवा भरती नीट करायला त्याच्या हातात रात्र असते.